जुनी मियाटा खड्ड्यात धपकन बसते, वळणावर उडते: कॉइलओव्हर मागवण्याआधी हे तपासा

गाडी कोणती ते आधी सांगते. माझदा मियाटा, युरोपात जिला एमएक्स-५ म्हणतात ती. १९९० ते १९९७ मॉडेलची पहिली पिढी आणि १९९९ ते २००५ ची दुसरी. मी न्यू जर्सीत एडिसनला राहते. माझी स्वतःची १९९४ ची आहे, आणि तिच्या मागोमाग ओळखीपाळखीच्या आणखी नऊ मियाटा माझ्या ड्राइव्हवेत घोडीवर (जॅक स्टँडवर) चढून गेल्या. तक्रार जवळपास तीच आणि सोबतचा प्रश्नही तोच: "स्वस्तात कोणते कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारे स्प्रिंग-शॉकअपचे जोड) घेऊ?" नऊपैकी सहा गाड्यांना ते लागलेच नाहीत. एकीला तर आधीपासून होते, ते काढून टाकावे लागले.

लक्षणं

खालीलपैकी तुमच्या गाडीला काय होतंय ते नीट ओळखा. "सस्पेन्शन खराब झालंय" एवढ्यावर काही ठरवता येत नाही.

• पुलाच्या सांध्यावरून किंवा छोट्या खड्ड्यातून जाताना एकच कोरडा "धप्" आवाज येतो आणि धक्का थेट कंबरेत जातो.
• लांब वळणात मधेच उंचवटा आला की मागची बाजू अर्धा फूट बाहेर सरकल्यासारखी वाटते.
• पार्किंगमधल्या स्पीडब्रेकरवर, अगदी सावकाश जातानाही, "टक-टक" ऐकू येतं.
• उंचवटा ओलांडल्यावर गाडी एकदा बसून थांबत नाही, दोन-तीनदा डुलते.
• ताशी ६५ मैलांवर गाडी ट्रकच्या चाकोरीत घुसते, स्टीअरिंग सारखं सांभाळावं लागतं.
• टायरची आतली कड गुळगुळीत आणि बाहेरची नवीकोरी.
• एक कोपरा उघड खाली बसलेला दिसतो.

पहिली दोन लक्षणं बहुतेक वेळा एकाच दोषाची असतात, आणि तो दोष समजायला ही गाडी कशी बांधली आहे ते थोडं माहीत हवं. चारही चाकांना वर-खाली दोन दोन विशबोन, म्हणजे चाक धरून ठेवणारे दुबेळक्यासारखे हात, आहेत. (आपल्या पद्मिनीलाही पुढे विशबोनच होते, मागे मात्र पाटे.) वजन सुरुवातीच्या मॉडेलांचं साडेनऊशे-हजार किलोच्या घरात. गाडी हलकी, बुटकी, म्हणून चाकाला वर जायला मोकळी जागाही फार नाही. ती जागा संपत आली की शॉकअपच्या दांड्यावर बसवलेला फोमचा ठोकळा, म्हणजे बंप स्टॉप, मधे येतो. बाकीच्या कित्येक गाड्यांत तो फक्त अपघाती धक्क्यासाठी असतो. मियाटात तो रोजच्या कामाचा आहे. जोरात वळण घेतलं की बाहेरच्या बाजूचा ठोकळा दाबला जातोच. तेव्हा तो ठोकळा म्हणजे दुसरी स्प्रिंग समजा. तो मऊ आणि शाबूत असेल तर जोर हळूहळू वाढतो. तो झिजून गेला असेल, किंवा गाडी इतकी खाली केली असेल की ती कायम त्याच्यावरच टेकलेली, तर स्प्रिंगचा कडकपणा क्षणात कित्येक पटींनी वाढतो आणि टायरची पकड सुटते. सरळ रस्त्यावर त्याचा "धप्" होतो, वळणावर त्याचीच उडी होते.

हे डोक्यात ठेवलं की पुढच्या तपासण्यांचा क्रम आपोआप पटतो. सगळ्यात स्वस्त ते आधी.

हवा आणि टायर (खर्च शून्य)

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो. त्यावर मूळ टायरसाठी २६ पीएसआय लिहिलेलं आहे. वाचून लोकांचा विश्वास बसत नाही. एका ओळखीच्या मुलाची गाडी आली ती नुकतीच टायरच्या दुकानातून आली होती; तिथे सवयीप्रमाणे चारही चाकांत ३८ भरलेले. गाडी खरोखर बैलगाडीसारखी चालत होती. २७ वर आणली, अर्धी तक्रार तिथेच संपली. हलक्या गाडीत टायर हाच पहिला शॉकअप असतो, त्याचा दगड केला तर मागचं सगळं व्यर्थ. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजा.

मग टायरच्या बाजूवर डॉट क्रमांकाच्या शेवटी चार आकडे शोधा. २३१६ असेल तर २०१६ सालचा तेविसावा आठवडा. या गाड्या वर्षात दीड-दोन हजार मैल चालतात, त्यामुळे नक्षी भरपूर शिल्लक असते आणि रबर मात्र वाळून गेलेलं असतं. नखाने दाबून बघा. दहा वर्षांच्या टायरवर कुठलंही सस्पेन्शन बसवलं तरी गाडी घसरणार आणि आपटणार. जुन्या टायरांवर हजार डॉलरचे कॉइलओव्हर लावणाऱ्याला मी सरळ सांगते, आधी टायर घे, मग बोलू.

चाकाचा व्यास हाही मुद्दा आहे. पहिल्या पिढीचा मूळ टायर १८५/६० आर १४. आधीच्या मालकाने शोभेसाठी १७ इंची चाकं आणि पट्टीसारखे टायर चढवले असतील तर धक्के तिथूनच येतात. १५ इंची हलकी चाकं ही माझ्या मते या गाडीची शेवटची शहाणी पायरी.

डिकी (यावर हसू नका)

"टक-टक" ऐकून मी एकदा अख्खा शनिवार गाडीखाली घालवला. बॉल जॉइंट (चाकाजवळचे गोळीचे सांधे) हलवले, बुश (सांध्यांतल्या रबरी नळ्या) तपासले, सगळं घट्ट. शेवटी डिकीतलं स्टेपनी आणि जॅक बाहेर काढले आणि आवाज गायब. जॅकचा स्क्रू दोन फेरे ढिला होता, बस्स. या गाडीची बॅटरीसुद्धा डिकीतच असते. तिची पट्टी सुटली तर तीही ठोकते. म्हणून आता पहिली फेरी डिकी पूर्ण रिकामी करून मारायची, हा माझा नियम. छत सॉफ्टटॉप असेल तर उघडून एक फेरी आणि बंद करून एक फेरी. छताच्या कड्याही खडखडतात आणि आवाज मागच्या सस्पेन्शनमधूनच येतोय अशी खात्री वाटते.

त्याच वेळी पान्याने दोन गोष्टी बघून घ्या. चाकांचे नट: ८८ ते ११८ न्यूटन-मीटर ही कंपनीची मर्यादा, मी १०५ च्या आसपास कसते. आणि शॉकअपच्या वरच्या माउंटचे नट, पुढचे बॉनेटखाली आणि मागचे डिकीत, अस्तराच्या मागे. कुणी आधी काम केलं असेल तर यांतला एखादा ढिला सापडतो.

उंची मोजा (एक टेप)

सपाट जमीन, टाकीत अर्धं पेट्रोल, स्टीअरिंग सरळ. चाकाच्या मध्यबिंदूपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत चारही ठिकाणी मोजा आणि कागदावर लिहा. जमिनीपासून मोजू नका, टायर बदलला की तो आकडा बदलतो. डावं-उजवं अर्ध्या इंचाहून जास्त वेगळं असेल तर एक स्प्रिंग बसली किंवा तुटली आहे. आमच्याकडे हिवाळाभर रस्त्यावर मीठ पडतं, त्याने स्प्रिंगचा सगळ्यात खालचा वेटोळा गंजून तुटतो, आणि तुकडा बशीतच बसून राहिल्यामुळे वरून काही दिसत नाही. बॅटरीचा दिवा, नव्हे मोबाइलचाच टॉर्च पुरे, आत नीट मारून बघा.

हा आकडा साडेबारा इंचांपेक्षा कमी असेल तर तुमच्या "धप्"चं कारण बहुधा सापडलं. गाडी फार खाली आहे.

प्लॅस्टिकच्या टायची परीक्षा

एवढी एकच तपासणी करायची असेल तर ही करा. खर्च दहा सेंट.

त्यासाठी चाक काढावं लागतं, म्हणून आधी सुरक्षितता. पुढे मधल्या क्रॉसमेंबरखाली (आडव्या तुळईखाली) आणि मागे डिफरन्शियलखाली (मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या पेटीखाली) जॅक लावता येतो. गिअरबॉक्सला डिफरन्शियलशी जोडणारी एक लांब फ्रेम गाडीच्या पोटाखालून मधोमध जाते. तिला जॅक लावू नका, ती वाकते. गाडी घोडीवर ठेवल्याशिवाय हातसुद्धा आत घालायचा नाही. जॅकच्या भरवशावर कधीच नाही.

चाक निघालं की शॉकअपच्या दांड्यावरची धुळीची रबरी टोपी वर सरकवा आणि चकचकीत दांड्याभोवती एक बारीक प्लॅस्टिक टाय (वायरी बांधायची पट्टी) घट्ट बांधा, शॉकअपच्या नळकांड्याला टेकवून. चारही कोपऱ्यांना. मग चाकं लावा, गाडी खाली घ्या आणि तुमच्या नेहमीच्या रस्त्यावर फिरवून आणा. मी हॅरिमनच्या जंगलात सेव्हन लेक्स ड्राइव्हला जाते, कारण तिथे वळणं आणि उंचवटे दोन्ही एकत्र मिळतात. नुसत्या पार्किंगमध्ये फिरून उपयोग नाही.

परत आल्यावर टाय दांड्यावर जिथपर्यंत वर ढकलला गेला असेल तिथपर्यंत शॉकअप दाबला गेला. तो बंप स्टॉपमध्ये खोलवर जाऊन रुतला असेल किंवा वर माउंटपाशी चेपून गेला असेल, तर जागा संपतेय. नुसता शिवला असेल तर ठीकच, ही गाडी चालतेच तशी. इथे अंदाज नाही, वाद नाही, "मला वाटतं"ही नाही. दांड्यावर मापच उमटतं.

माझ्या १९९४ च्या गाडीत मी पहिल्यांदा टोपी वर केली तेव्हा टाय बांधायची वेळच आली नाही. टोपीतून तळहातावर तपकिरी चुरा पडला, चहात बुडवायच्या आधीच हातात मोडलेल्या खारीसारखा. तो बंप स्टॉप होता. पंचवीस-तीस वर्षांत तो फोम असाच विरतो. दांड्यावर आता काहीच उरलं नव्हतं, शॉकअप थेट धातूवर आदळत होता, आणि मी चार महिने महागड्या शॉकअपच्या किमती बघत बसले होते.

हाताने हलवून बघायचं

चाक हवेत आहे तोवर पुढची तपासणी उरकून घ्या.

चाक वर आणि खाली, घड्याळाच्या बारा आणि सहावर, दोन हातांनी धरा आणि हलवा. खेळ जाणवला तर घरातल्या कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. खेळ गेला तर बेअरिंग. तसाच राहिला तर बॉल जॉइंट किंवा बुश. नंतर तीन आणि नऊवर धरून तेच. इथला खेळ बहुधा टाय रॉडच्या, म्हणजे स्टीअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याच्या, टोकाचा असतो. ब्रेकची ही युक्ती लक्षात ठेवा, मी तिच्याशिवाय एकदा चांगला बॉल जॉइंट बदलून बसले आहे.

पुढच्या खालच्या बॉल जॉइंटसाठी टायरखाली पहार घाला आणि चाक हलकेच वर उचला, दुसऱ्या हाताचं बोट सांध्यावर ठेवून. बोटाला "टिक" कळलं तर तो गेला. त्याचं रबर फाटून ग्रीस बाहेर आलं असेल आणि अजून खेळ नसेल तरी नवीन मागवून ठेवा. खेळ जाणवत असेल तर मात्र गाडी आहे तिथेच राहू द्या. बॉल जॉइंट निसटला की चाक आडवं पडतं, मग ते तुमच्या गल्लीत पडो की टर्नपाइकवर (टोलच्या महामार्गावर).

मग अँटी-रोल बारच्या, म्हणजे वळणावर गाडीचं झुकणं कमी करणाऱ्या आडव्या दांड्याच्या, लिंक. या गाडीतल्या "टक-टक"च्या अर्ध्या केसेस इथे संपतात. हाताने जोरात हलवा, बुश खाल्लेला असेल तर आवाज तिथेच ऐकू येतो. दोन लिंक मिळून एका साध्या जेवणाच्या बिलापेक्षा जास्त लागत नाहीत. बारला खाली धरून ठेवणारे रबरही बघा, वाळून भोक मोठं झालेलं असतं.

शेवटी विशबोनचे बुश. पहार दोन धातूंच्या मधे घालून थोडा जोर द्या. रबर थोडंसं हललं पाहिजे, धातू धातूला लागता कामा नये. आतली नळी भोकाच्या मधोमध दिसली पाहिजे. ती एका बाजूला सरकली असेल तर चाकाचा कोन वेगात आपणहून बदलतो. ट्रकच्या चाकोरीत घुसणारी गाडी बहुधा याचीच. टायरची आतली कड खाणारीही.

शॉकअप खरंच गेलेत का?

कोपरा दाबून सोडायची जुनी पद्धत सगळ्यांना माहीत आहे. ती फक्त पूर्ण मेलेला शॉकअप पकडते, अर्धमेला नाही. हलक्या गाडीत तर तीही फसवते. माझा भरवसा दोन गोष्टींवर. एक, उंचवट्यानंतर गाडी किती वेळा डुलते. एकदा बसून शांत झाली पाहिजे. दोन, नळकांड्यावरचं तेल. धूळ चिकटलेला पुसट ओलावा वयाचा असतो, त्याने घाबरू नका. पण थेंब ओघळल्याची ताजी चकचकीत रेघ दिसली तर तो संपला. शॉकअप नेहमी जोडीने बदला, पुढचे दोन किंवा मागचे दोन. एकच नवा घातला की गाडी ब्रेक मारताना एका बाजूला झुकते.

आता पैसे कुठे घालायचे

इथवर आलात आणि काहीच सापडलं नाही, असं सहसा होत नाही. सापडलेलं दुरुस्त करा, टायची परीक्षा परत घ्या, आणि तरीही गाडी अधिक चांगली व्हावी असं वाटत असेल तरच पुढे वाचा.

पहिला डॉलर बंप स्टॉपवर. चार नवे ठोकळे, योग्य लांबीचे, मऊ फोमचे. शॉकअप काढणारच असाल तर त्याच वेळी वरचे माउंट बघा. दुसऱ्या पिढीच्या गाडीचं माउंट पहिल्या पिढीच्या गाडीला बसतं आणि त्याची रचना अशी आहे की शॉकअपला वर जायला जास्त जागा मिळते. भंगारातून उचलले तरी चालतात, रबर फाटलेलं नसावं. पहिल्या पिढीच्या मालकाने करावी अशी, माझ्या मते, ही सगळ्यात कमी खर्चाची खरी सुधारणा. चमकत नाही, फोटोत दिसत नाही, म्हणून कुणी सांगत नाही.

दुसरा खर्च शॉकअप. गाडी ऑफिसला नेता आणि रविवारी फिरवता, एवढंच असेल तर केवायबीचे एक्सेल-जी पुरे. मूळ स्प्रिंगबरोबर ते सभ्य वागतात. थोडं घट्ट हवं असेल तर कोनीचे नारंगी एसटीआर-टी किंवा बिलस्टाइन. कोनीचे पिवळे स्पोर्ट्स महाग आहेत, पण त्यांचा परतीचा जोर कमी-जास्त करता येतो, आणि स्प्रिंगची बशी एखादी खाच खाली बसवता येते. पुढे कधी स्प्रिंग बदलायचा विचार असेल तर आधी हेच घेऊन ठेवणं स्वस्त पडतं; दोनदा शॉकअप घेणारे मी पाहिलेत.

स्प्रिंग मूळच्याच राहू द्या. खाली करणाऱ्या स्वस्त स्प्रिंग ही या गाडीची सगळ्यात मोठी फसवणूक आहे. त्या गाडी दीड-दोन इंच खाली आणतात, म्हणजे मुळात कमी असलेली जागा आणखी खातात, आणि त्या बदल्यात कडकपणा मात्र थोडासाच वाढवतात. मग गाडी सतत बंप स्टॉपवर. चालवणाऱ्याला वाटतं, "वा, किती रेसिंगसारखी कडक झाली." ती स्प्रिंगमुळे कडक झालेली नसते, टेकलेली असते.

कॉइलओव्हरचंही तेच. चांगले असतात, नाही असं नाही. पण आठशे-हजार डॉलरच्या खालच्या सेटमध्ये स्प्रिंग कडक आणि आतला व्हॉल्व्ह तिच्या लायकीचा नाही, असं वारंवार दिसतं. मी सुरुवातीला म्हटलं ती, कॉइलओव्हर काढून टाकावे लागलेली गाडी: २००१ ची, गडद हिरवी, मालक उत्साही पोरगा. त्याने कॉइलओव्हर लावून उंची अकरा इंचांवर आणली होती. टाय बांधला, एक फेरी मारली, टाय चेपून चपटा झालेला. गाडी दोन इंच वर घेतली तर शॉकअप जवळपास पूर्ण उघडला आणि चाकाला खाली यायला जागा उरेना, कारण त्या सेटमध्ये उंची आणि स्प्रिंगचा ताण एकाच कॉलरने बदलत होता. शेवटी दुसऱ्या कुणाच्या गाडीतून उतरवलेल्या मूळ स्प्रिंग आणि नवे केवायबी लावले. तो पंधरा दिवस तोंड फुगवून होता, कारण गाडी "ट्रकसारखी उंच" दिसत होती. मग एकदा माझ्यापुढे सेव्हन लेक्सवर गेला आणि मला तो पुढच्या तळ्यापर्यंत दिसला नाही.

जाड अँटी-रोल बार हा शेवटचा खर्च. गाडी कमी झुकते, बंप स्टॉपवर जाणंही थोडं कमी होतं. फक्त पुढचाच जाड करा, मागचा मूळ ठेवा. दोन्ही जाड केले की ओल्या रस्त्यावर मागची बाजू आपला स्वभाव दाखवते.

अलाइनमेंट, सगळ्यात शेवटी

काही उघडलं असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, लागणारच. आधी करून घेऊ नका, दोनदा पैसे जातील. टायरच्या दुकानात "अलाइनमेंट करा" एवढंच सांगितलं की ते पुढचा टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलेली) जुळवतात आणि हिरव्या रंगात छापलेले आकडे दाखवून पैसे घेतात. कंपनीची हिरवी हद्द इतकी रुंद आहे की दोन बाजूंत अर्ध्या अंशाचा फरक असला तरी सगळं हिरवंच येतं. म्हणून चिठ्ठी लिहून द्या. मी देते ती अशी: पुढे कॅम्बर (चाकाच्या वरच्या कडेचा आत-बाहेर कल) उणे १ अंश, मागे उणे दीड, कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कल) ५ च्या जवळ आणि दोन्हीकडे सारखा, पुढचा टो एकूण दीड मिलिमीटर आत, मागचा एकूण तीन मिलिमीटर आत. ड्रायव्हरच्या सीटवर तुमच्या वजनाइतकं काहीतरी ठेवून. या गाडीत चारही चाकांचे कोन बदलता येतात. "मागचं काही होत नाही" असं कुणी म्हणालं तर दुसरं दुकान शोधा.

कोन बदलायचे ते एक्सेंट्रिक बोल्ट जुन्या गाडीत बुशच्या नळीत गंजून चिकटलेले असतात. अपॉइंटमेंटच्या दोन-तीन दिवस आधी रोज संध्याकाळी त्यांच्यावर गंज सोडवणारं तेल मारा. मागच्या खालच्या विशबोनच्या बाहेरच्या टोकाचा लांब बोल्ट तर याबाबतीत कुप्रसिद्ध आहे.

कुठे थांबायचं

बोल्ट दोन दिवस तेल पिऊनही हलत नसेल तर थांबा. गॅसची ज्योत, बुशचं पेटणारं रबर आणि शेजारून जाणाऱ्या ब्रेकच्या नळ्या हे घरच्या ड्राइव्हवेचं काम नाही. मी एकदा पाच फुटी पाइप लावून जोर केला, बोल्टचं डोकं तुटून गॅरेजच्या दारावर बसलं. ती खूण अजून आहे.

स्प्रिंग कॉम्प्रेसर वापरायची सवय नसेल तर शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र काढा आणि तसंच घेऊन दुकानात जा. चार जोड्या बदलायला तास-दीड तास लागतो, मजुरी परवडते. भाड्याने मिळणारे दोन हुकांचे कॉम्प्रेसर या बारीक स्प्रिंगवर घसरतात.

बेअरिंग आणि विशबोनचे बुश यांना प्रेस लागतो. हातोडीने बसवलेला बुश महिनाभरात तिरका होतो.

आणि गंज. मागच्या चाकाच्या पुढे, दाराखालच्या पट्टीत बोट जाईल इतकं भोक असेल, किंवा दुसऱ्या पिढीच्या गाडीत पुढच्या चॅसी रेलवर हातोडीचा हलका टोला "टण्" ऐवजी "थप्" वाजत असेल, तर सस्पेन्शनचा एकही भाग मागवू नका. आधी वेल्डरला दाखवा. एका बाईंची चकचकीत लाल १९९९ ची गाडी आली होती, सोबत नवे कॉइलओव्हर खोक्यात. मी रेल दाखवला. खोकं दुसऱ्या दिवशी परत गेलं.

काम झाल्यावर

एक चूक माझी, तुम्ही करू नका. विशबोनचे बोल्ट गाडी घोडीवर असताना, चाकं लोंबकळत असताना मी पूर्ण कसले होते. या बुशमधलं रबर आतल्या नळीला चिकटवलेलं असतं. बोल्ट कसला की नळी जागच्या जागी पकडली जाते. मग गाडी खाली घेतल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं. सहा महिन्यांत तीन बुश फाटले, त्याआधी गाडी अर्धा इंच उंच उभी राहत होती ते वेगळंच. बोल्ट हवेत नुसते बसवा. गाडी खाली घ्या, चाकांखाली फळ्या घालून हात जाईल एवढी जागा करा, गाडी दोनदा दाबून सोडा, आणि मग टॉर्क पान्याने कसा.

शंभर मैलांनंतर चाकांचे नट आणि माउंटचे नट परत बघा. उंची मोजून त्याच कागदावर जुन्या आकड्यांशेजारी लिहा. स्प्रिंग नव्या असतील तर पाव इंच बसणं स्वाभाविक आहे. दांड्यावरचा टाय खाली नळकांड्याला टेकवून तसाच राहू द्या, टोपी त्यावर ओढून घ्या. मार्चमध्ये बर्फ वितळून नवे खड्डे पडले की परत बघायला लागतो.